विहीणबाईंचे मानपत्र

विमलबाई बीदरकरांचा एक परिच्छेद हरवला आणि हैदराबादच्या हिमायतनगरातल्या घरात सकाळचा चहा कपाकपांतून निवत राहिला.

"इथंच होता," पडद्यावर बोट रोखून विमलबाई म्हणाल्या. "मी तो उचलला. मग तारीख उचलली, ती खाली नेऊन ठेवली. परत आले तर परिच्छेद नाही. माझ्या कंप्युटरला कुणी हात लावला?"

"आई, तुझ्या कंप्युटरला हात लावायची हिंमत कुणाची आहे?" समीरने वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारले.

सून मेघना पोळीचा हात पुसत आली. तिने पडद्याकडे एकदाच पाहिले. "परिच्छेद कॉपी केलात आणि पेस्ट करायच्या आधी तारीख कॉपी केलीत ना? दुसरं आलं की पहिलं जातं, आई. त्याच्या हातात एका वेळी एकच मावतं."

"जातं म्हणजे कुठे जातं?"

"कुठेच नाही. जातं."

"मेघना, मी इतकी वर्षं शाळा चालवली. वस्तू गेली पण कुठेच गेली नाही, असं मला शिपायापासून सुपरवायझरपर्यंत कुणी सांगितलेलं मी ऐकून घेतलं नाही."

मेघनाने वाद घातला नाही. तिने खुर्ची ओढली, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि विमलबाईंच्या संगणकात एक नवीन सॉफ्टवेअर बसवले. त्याचे नाव क्लिपबोर्ड मॅनेजर. "आता दोनतीन गोष्टी उचला आणि मग ही दोन बटणं एकत्र दाबा," ती म्हणाली. विमलबाईंनी तसे केले. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडली आणि नुकतेच उचललेले सारे काही, एकाखाली एक, शिस्तीने उभे राहिलेले दिसले. तारीख. सभागृहाचा पत्ता. गंमत म्हणून उचललेले स्वतःचे नाव.

"हे सगळं यानं लक्षात ठेवलं?"

"हौ. आता जे उचलाल ते सगळं ठेवील. बंद करून चालू केलं तरी."

"मी सांगितल्याशिवाय?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय."

विमलबाईंना आपले सासरे आठवले. त्यांची ख्याती अशी होती, की कचेरीतली कोणतीही मिसल, म्हणजे फाइल, ते न उघडता पानासकट सांगत. पण त्यांनाही उतारवयात पाने चुकू लागली होती. इथे मात्र न सांगता, न विचारता, तोंडातून शब्दही न काढता कोणीतरी सर्व काही जपून ठेवीत होते. त्या दिवसापासून विमलबाई संगणकासमोर पदर नीट सावरून बसू लागल्या.

हा सारा खटाटोप चालला होता तो एका मानपत्रासाठी. मेघनाच्या आई, मंगलाबाई औरादकर, येत्या रविवारी पंच्याहत्तर वर्षांच्या होणार होत्या. मलकपेठेतले सभागृह ठरले होते, माणसे बोलावून झाली होती, आणि मानपत्र विमलबाईंनीच लिहावे हे कुणी ठरवण्याची गरजच नव्हती. शहरातल्या मराठी मंडळींत कुणाचा सत्कार असला, की शाल कुणीही आणी. शब्द विमलबाईंचे असत. शिवाय या वेळी सत्कारमूर्ती त्यांची विहीण होती.

विहीण हे नाते विमलबाईंनी एखाद्या व्रतासारखे पाळले होते. लग्नाच्या बोलणीपासून आजतागायत दोघींच्या तोंडून एकमेकींविषयी एकही उणा शब्द गेला नव्हता. त्या एकमेकींशी इतक्या आदराने बोलत, की ऐकणाऱ्याला धाप लागे. मेघनाला या घरात माहेरावरून कधी मान खाली घालावी लागली नाही, याचा विमलबाईंना जेवढा अभिमान होता तेवढा त्यांना शाळेच्या निकालांचाही नव्हता.

अर्थात, उणा शब्द गेला नव्हता याचा अर्थ तो सुचला नव्हता असा नव्हे. त्यासाठी विमलबाईंची एक जुनी रीत होती. ज्या माणसाविषयी चांगले लिहायचे, त्याच्याविषयीचा राग आधी लिहून मोकळे व्हायचे. पोटात ठेवला तर तो चांगल्या वाक्यांतून आंबट वास सोडतो. पूर्वी त्या हे काम पाठकोऱ्या कागदावर करीत आणि कागद बंबात घालीत. संगणक आल्यापासून त्या राग लिहीत, निवड करीत आणि कात्रीच्या खुणेवर टिचकी मारून कापून टाकीत. मागे जाऊन एकेक अक्षर खोडण्याचे बटण त्यांनी कधी वापरले नाही. खोडणे हे चुकणाऱ्याचे काम, कापणे हे निर्णय घेणाऱ्याचे, असे त्या मानीत.

आणि एक गोष्ट त्यांच्या हातून रागातही सुटत नसे. मानपत्राचा प्रत्येक परिच्छेद संबोधनाने सुरू व्हायचा असतो. तेव्हा शिव्या द्यायच्या झाल्या तरी त्या "हे अन्नपूर्णे" अशीच सुरुवात करीत. बंबात जाणारा कागद असला म्हणून काय झाले. संस्कार बंबात जात नाहीत.

चार दिवस हे काम चालले. रोज एक संबोधन. आधी राग लिहायचा, कापायचा. मग शांत मनाने तोच परिच्छेद सुगंधी करून लिहायचा, आणि तो कॉपी करून त्या नव्या रक्षकाच्या हवाली करायचा. त्या रक्षकावर विमलबाईंचा विश्वास एवढा बसला, की मेघनाने "आई, फाइल सेव्ह केलीत ना?" असे विचारल्यावर त्या किंचित दुखावल्या.

"ते जपतायत ना. मग मी वेगळं कशाला जपू? त्यांना काय वाटेल?"

"कुणाला?"

विमलबाईंनी आदराने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिले.

गुरुवारी दुपारी वेलबुट्टीच्या चौकटीचे पान उघडून चारही परिच्छेद त्यात बसवायचे होते. विमलबाईंनी दोन बटणे दाबली आणि चौकट उघडली. तिथे प्रत्येक नोंदीचे फक्त पहिले काही शब्द दिसत होते. "हे अन्नपूर्णे, आपल्या घरी आलेला पाहुणा..." आणि त्याच्याखाली पुन्हा, "हे अन्नपूर्णे, आपल्या घरी आलेला पाहुणा..." तसेच "हे गानप्रिये" दोनदा. "हे चोखंदळ रसिके" दोनदा. "हे वत्सल माते" दोनदा.

विमलबाईंचा ऊर भरून आला. यंत्राने प्रत्येक गोष्टीच्या दोन दोन प्रती ठेवल्या होत्या. एखादा जबाबदार कारकून जसा एक प्रत हाताशी आणि एक कपाटात ठेवतो तशा. एवढी दक्षता त्यांना सबंध नोकरीत एकाही कारकुनात आढळली नव्हती. आपण कापलेलेही त्याच्या दृष्टीने उचललेलेच असते, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. कापले ते गेले. बंबातून कधी काही परत आले नव्हते.

आता दोहोंतली कोणती घ्यावी? वरची नंतर आलेली, खालची आधीची. विमलबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. दोन सारख्यांत मान थोरल्याला. त्यांनी चारही वेळा खालची प्रत उचलली.

बसवलेले पान त्यांनी डोळे भरून पाहिले, पण ते वेलबुट्टीसाठी. पूर्ण पान पडद्यावर मावावे म्हणून मेघनाने ते लहान करून ठेवले होते आणि त्यात अक्षरे मुंग्यांएवढी दिसत होती. लिहिताना तोलून घेतलेला शब्द पुन्हा तोलणे हे विमलबाईंना स्वतःच्या तराजूवर शंका घेतल्यासारखे वाटे.

"मी एकदा वाचू?" मेघनाने विचारले.

"मानपत्र समारंभाआधी घरच्यांनी वाचायचं नसतं. समीरलाही सांग. व्यासपीठावर पहिल्यांदा वाचलं म्हणजे आवाजात भाव येतो."

"आई, मी मराठी अक्षर जुळवून वाचतो," समीर म्हणाला. त्याचे सारे शिक्षण इंग्रजीत आणि दोस्ती तेलुगूत झाली होती. "भाव कुठून आणू?"

"जावई आहेस. जावयानं नुसतं उभं राहिलं तरी भाव येतो."

मानपत्र छापून आले, सोनेरी चौकटीत बसले आणि लाल कागदात गुंडाळले गेले.

रविवारी सकाळी समीर आणि मेघना चौकट घेऊन पुढे गेले. विमलबाई नऊवारी नेसून तयार होत होत्या, इतक्यात जुने स्नेही नामदेवराव यांचा फोन आला. त्यांना सभागृहाचा पत्ता हवा होता. पत्ता आठवड्याच्या सुरुवातीला उचललेला होता. म्हणजे रक्षकाकडे असणारच. विमलबाईंनी दोन बटणे दाबली, नोंदींवरून बाण खाली नेऊ लागल्या, आणि खांद्यावरून घसरलेला शालूचा पदर सावरायला मध्येच थांबल्या. बाण "हे अन्नपूर्णे"वर विसावला होता. तो विसावताच शेजारी एक पिवळा चौकोन उमलला आणि त्यात सबंध नोंद दिसू लागली.

विमलबाईंनी चष्मा लावला. एक ओळ वाचली. मग खुर्ची शोधून तिच्यावर बसल्या.

बाण खाली सरकला तसा एकेक चौकोन उमलत गेला. त्यांनी जे जे कापले होते ते सर्व तिथे होते. मंगलाबाईंवरचा राग होता. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला लिहायचे टाळलेले होते. समीरच्या सासुरवाडीच्या लग्नातल्या वरणाविषयी सुचलेले एक वाक्यही होते. यंत्राने काहीही टाकले नव्हते. गेल्या काही दिवसांत पाप-पुण्याचा हिशेब ठेवणाऱ्या कुणाच्या तरी समोर आपण निर्धास्त बसलो होतो, या जाणिवेने विमलबाईंच्या अंगावर काटा आला. आणि भीतीच्या त्या क्षणीही त्यांनी मनोमन हात जोडले, कारण एवढी स्मरणशक्ती त्यांनी खरोखरच कुठे पाहिली नव्हती.

मग त्यांनी मानपत्र मोठे करून पाहिले. चारही परिच्छेद थोरले होते.

त्यांनी समीरला फोन लावला.

"समीर, ते मानपत्र वाचू नकोस."

"नाही वाचलं ना आई. तूच बोललीस, व्यासपीठावरच वाचायचं."

"व्यासपीठावरही वाचू नको."

"का?"

 का म्हणून सांगायचे तर काय लिहिले ते सांगावे लागणार, आणि समीरच्या शेजारी मेघना उभी असणार. "मी येईपर्यंत थांब," एवढेच त्या म्हणाल्या.

"तू लवकर ये. इथं सगळं टायमावर चाललंय."

मंगलाबाईंच्या घरचे काहीही आजवर वेळेवर सुरू झालेले नव्हते, आणि विमलबाई मनातल्या मनात त्याच गोष्टीवर विसंबल्या होत्या. त्यांनी धाकटे चार परिच्छेद पानात बसवले, या वेळी प्रत्येक शब्द बोटाने वाचला, पान छापले, घडी घातली आणि रिक्षात बसल्या.

चादरघाटच्या पुलावर वाहने एकमेकांना चिकटून उभी होती.

"जरा जल्दी चलो बाबा," विमलबाई म्हणाल्या.

"अम्मा, आगे देखो, पूरा जाम है," रिक्षावाला मागे न वळता म्हणाला. "उड को जाना बोले तो पर लगाना पडता."

"फंक्शन है."

"फंक्शन है तो आराम से जाओ अम्मा. हैदराबाद में फंक्शन टाइम पे कब होता?"

विमलबाईंना त्याचे म्हणणे पटले आणि थोडा धीर आला. तो सभागृहाच्या दारापर्यंतच टिकला. आतून समीरचा आवाज येत होता.

मंगलाबाई व्यासपीठावर शाल पांघरून, मधोमध, देवीसारख्या बसल्या होत्या. सभागृह गच्च भरले होते. समीरने सोनेरी चौकट दोन्ही हातांनी धरली होती आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून तो एकेक जोडाक्षर पार करीत होता. विमलबाईंनी दारातूनच हातातली घडी उंच करून हलवली. समीरने ती पाहिली. आवाज मागेपर्यंत पोचत नसावा असे त्याला वाटले, आणि त्याने तो चढवला.

"हे अन्नपूर्णे," समीर वाचू लागला, "आपल्या घरी आलेला पाहुणा उपाशी कधी गेला नाही, हे खरे, पण तो वेळेवर जेवलाही कधी नाही. दुपारचे बोलावून दिवेलागणीला पान मांडावे, आणि भुकेने डोळ्यांसमोर अंधारी आलेल्या माणसाला, आज काहीच विशेष केले नाही हो, असे सांगत सोळा पदार्थ वाढावेत, ही कला आपणच जाणता."

सभागृहातल्या माना एकमेकींकडे वळल्या.  कुणीतरी खोकले. विमलबाई मधल्या वाटेने पुढे निघाल्या. पण ओळखीचे लोक दोन्ही बाजूंनी उठून नमस्कार करीत होते आणि त्यांना नमस्काराला नमस्कार न करता पुढे जाणे जन्मात जमलेले नव्हते.

"हे गानप्रिये, भजनात आपला सूर सर्वांच्या आधी लागतो आणि सर्वांच्या नंतर थांबतो. मधल्या वेळात बाकीच्यांनी गायले की नाही, हे देवालाही ठाऊक नसावे."

मागच्या रांगेत भजनी मंडळाच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून एक बारीक आवाज निघाला आणि पदरात दडपला गेला. समीरचे लक्ष नव्हते. त्याला पुढे "चोखंदळ" दिसत होते.

"हे चोखंदळ रसिके, लग्नाच्या बैठकीत आपण माझ्या पैठणीचा काठ दोन बोटांत धरून, हैदराबादेत घेतली वाटतं, असे म्हणालात. ती पैठणी मी पुन्हा कधी..."

इथे समीर थांबला. बोटाखालचे वाक्य त्याच्या डोक्यात पोचले होते. त्याने आधी चौकटीकडे, मग सासूकडे, मग वाटेत नमस्काराच्या मुद्रेत अडकलेल्या आपल्या आईकडे पाहिले. पहिल्या रांगेतून मेघनाही मागे वळून सासूकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे वाचण्याचे बळ विमलबाईंमध्ये उरले नव्हते. इतक्या वर्षांचे व्रत त्या सभागृहात, माइकवरून, त्यांच्याच मुलाच्या आवाजात मोडत होते.

"समीरराव," मंगलाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "थांबलात का? पुन्हा कधी काय?"

"अम्मा, बहुतेक छापखान्यात..."

"छापखान्याला माझी विहीण काय माहीत? वाचा."

समीरने कपाळ पुसले. "पुन्हा कधी नेसले नाही. हे वत्सल माते, आपण लेक दिलीत खरी, पण सोडली नाहीत. आमच्या घरी आज कोणती भाजी, हे मला कळायच्या आधी मलकपेठेत कळते. मीठ जास्त पडले तर तेही."

त्याने चौकट टेबलावर पालथी ठेवली आणि टाळ्यांची वाट न पाहता खाली उतरला. टाळ्या कुणी वाजवल्याही नाहीत. उत्तर द्यायला मंगलाबाई सावकाश उठल्या, शाल सारखी केली आणि माइक आपल्या उंचीला आणला.

"मानपत्रात एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "हैदराबादेत घेतली वाटतं, असं मी म्हटलं नव्हतं. इथल्या सुलतान बाजारात घेतली वाटतं, असं म्हटलं होतं. जांभळी पैठणी, काठावर मोर, आणि एका मोराला डोळा नव्हता. बैठक गुरुवारी होती. विमलताईंनी पोहे केले होते. माझ्या ताटलीत शेंगदाणे दिले नव्हते, त्यांच्या जावेच्या ताटलीत भरपूर होते. मी बोलले नाही."

विमलबाई वाटेतच उभ्या होत्या. त्यांना ते पोहे आठवत नव्हते. मोराचा डोळाही आठवत नव्हता.

मंगलाबाई बोलत राहिल्या. बारशाला विमलबाईंनी त्यांना मागच्या पंगतीत कसे बसवले. दिवाळीच्या फराळात चिरोटे मोजून कसे पाठवले. त्यांच्या खीरपुरीला "वेगळी चव आहे हो" असे म्हणून वाटी कशी हळूच बाजूला सरकवली. एकही गोष्ट सुटली नाही, एकही क्रम चुकला नाही. त्यांच्या हातात कागद नव्हता, जवळ यंत्र नव्हते, दाबायला बटणेही नव्हती. घरच्या यंत्रासमोर आठवडाभर पदर सावरून बसणाऱ्या विमलबाईंना आपण उगाच भलत्याच ठिकाणी नतमस्तक होत होतो, असे वाटू लागले.

"पंच्याहत्तर वर्षांत," मंगलाबाई शेवटी म्हणाल्या, "लोकांनी मला देवमाणूस म्हटलं, प्रेमळ म्हटलं, कष्टाळू म्हटलं. असं कुणाबद्दलही म्हणता येतं. पण मी भजनात शेवटी थांबते, हे माझ्या मालकांच्याही कधी लक्षात आलं नाही, आणि ते पेटी वाजवायला शेजारीच बसायचे. माझ्याकडे इतकं बारीक लक्ष कुणी दिलं असेल, तर ते माझ्या विहीणबाईंनी. पुढच्या वर्षी त्यांची पंच्याहत्तरी आहे. मानपत्र मी लिहिणार. तयारी झालेली आहे."

मग मात्र टाळ्या झाल्या. भजनी मंडळाने पदर तोंडावरून काढले आणि मोकळेपणाने हसून घेतले. मेघना उठून वाटेत आली आणि तिने सासूचा दंड धरला. "आई, चला, वर बोलावतेय ती," ती म्हणाली, आणि थोडे थांबून हळूच पुढे म्हणाली, "मीठ जास्त पडलेलं मी नाही सांगितलं हं. ते तिनं माझ्या आवाजावरून ओळखलं."

व्यासपीठावर मंगलाबाईंनी शेजारची खुर्ची रिकामी करवून घेतली. विमलबाई बसल्या. 

"हातात काय आहे?" मंगलाबाईंनी विचारले.

विमलबाईंनी घडी लपवण्याचा प्रयत्न केला, पण मंगलाबाईंनी ती काढून घेतली आणि चष्मा कपाळावर ढकलून, पान डोळ्यांजवळ धरून वाचू लागल्या. हे अन्नपूर्णे, आपल्या घरी आलेला पाहुणा तृप्तीचा ढेकर देऊनच उंबरठा ओलांडतो. हे गानप्रिये, आपल्या सुरांनी देवालाही जाग यावी. त्यांनी चारही परिच्छेद शेवटपर्यंत वाचले, पान उलटून मागे काही आहे का ते पाहिले, आणि कपाळाला आठी घातली.

"विमलताई," त्या म्हणाल्या, "या बाई कोण?"

विमलबाईंनीही पानाकडे एकदा नीट पाहिले.

"माझ्याही ओळखीच्या नाहीत," त्या म्हणाल्या.